मदत हवी आहे: मोटर न्यूरॉन तापवले तरी एचएसपी७० का बनवत नाहीत?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या सेमिनारला हीट शॉक प्रोटीन (एचएसपी, म्हणजे ताणात पेशीला सावरणारी प्रथिनं) हा विषय घेतलाय आणि एका जागी घोडं अडलंय.

पुस्तकातला भाग कळला. पेशी तापली की प्रथिनांच्या घड्या बिघडतात. एरवी एचएसएफ१ ला (एचएसपीची जनुकं चालू करणारं प्रथिन) धरून ठेवणारी एचएसपी९०, एचएसपी७० ती निस्तरायला जातात. सुटलेल्या एचएसएफ१ चं त्रिकूट बनतं, ते केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं आणि एचएसपी७० वाढतं. १९६२ साली रितोसा यांना फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत गुणसूत्रांवर दिसलेले फुगवटे ते हेच.

पण कल्चरमध्ये उष्णतेचा झटका दिला की ग्लिया (चेतापेशींच्या मदतनीस पेशी) भराभर एचएसपी७० बनवतात आणि शेजारचे मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी) ढिम्म! एएलएस या मोटर न्यूरॉन मरत जाण्याच्या आजारातलं बिघडलेलं एसओडी१ हे प्रथिन घातलं तरी तेच. गंमत म्हणजे एचएसपी७० चं जनुक बाहेरून घातलं तर हेच न्यूरॉन त्या एसओडी१ च्या माऱ्यातून बऱ्यापैकी वाचतात. म्हणजे यंत्रणा कामाची आहे, चालूच होत नाही.

२००३ च्या एका पेपरात साधं एचएसएफ१ जादा घालून काही झालं नाही. कायम सक्रिय राहणारं रूप घातलं तेव्हा एचएसपी७० बनलं. मग आधीच जागं झालेलं एचएसएफ१ जास्त वेळ टिकवणारं अरिमोक्लोमोल हे औषध इथे काय करणार? तरी एएलएसच्या उंदरांना त्याने फायदा झालाच होता. जाणकारांनी कृपया सांगावं, गाइडकडे परत जायच्या आत!

प्रतिसाद:

उंदरात न्यूरॉन एकटा नसतो, आजूबाजूला ग्लिया असतात. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड ॲक्सॉनमध्ये (चेतापेशीचा लांब तंतू) ग्लियाकडून अशी प्रथिनं आत जाताना १९८० च्या दशकातच दिसली होती. शिवाय त्या उंदरांच्या पेशी महिनोन्महिने ताणाखाली असतात, तासाभराच्या झटक्याशी त्याची तुलना होत नाही. मात्र उंदरांवर फार भिस्त ठेवू नका. अरिमोक्लोमोलची माणसांतली एएलएसची मोठी चाचणी २०२१ मध्ये फसली. २०२४ मध्ये अमेरिकेत हे औषध मंजूर झालं ते नीमन-पिक सी या दुर्मिळ आनुवंशिक आजारासाठी, तेही मिग्लुस्टॅट या दुसऱ्या औषधाच्या जोडीने.

आणखी एक. सेमिनारमध्ये ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) दाखवणार असाल तर अँटिबॉडी कुठली वापरलीय ते आधी बघा. न्यूरॉनमध्ये एचएससी७० हा एचएसपी७० चा भाऊबंद ताण नसतानाही भरपूर असतो. दोघांनाही पकडणारी अँटिबॉडी असेल तर न तापवलेल्या नमुन्यातही जाड बँड येतो आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.