रशियाची ‘७० टक्के आधुनिक’ फौज

प्रणव (सी-२०३): सर्वांना नमस्कार. एसएसबीच्या (सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या) लेक्चरेटसाठी, म्हणजे छोट्या भाषणासाठी, रशियन सैन्याच्या आधुनिकीकरणावर तयारी करतोय. २०२० पर्यंत ७० टक्के शस्त्रसामग्री आधुनिक करायची असं उद्दिष्ट होतं आणि ते गाठलं, असं मॉस्कोने जाहीरही केलं. मग २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धात १९६१ साली सेवेत आलेला टी-६२ रणगाडा गोदामातून का काढावा लागला? सोसायटीच्या या ग्रुपवर तिन्ही दलांतली जाणकार मंडळी आहेत म्हणून इथेच विचारतो.

कर्नल साहेब (ए-११०१): चांगला प्रश्न. आधी ते ७० टक्के कसे मोजले ते बघ. त्यात कोरी करकरीत सामग्री आणि जुन्यावर काम करून सुधारलेली, दोन्ही धरतात. रणगाड्यांत दुसऱ्या प्रकाराचाच भरणा आहे. टी-७२बी३ घे. सांगाडा १९८० च्या दशकातल्या टी-७२बीचा. निझनी तागीलच्या उरालवागोनझावोद कारखान्यात तो पूर्ण उघडतात, तोफेची नवी नळी बसवतात (२ए४६एम-५, १२५ मिमी), गनरला सोस्ना-यू ही थर्मल साइट (उष्णतेवरून रात्रीही लक्ष्य दाखवणारी दुर्बीण) देतात, रेडिओ बदलतात, जास्त लांबीचे गोळे घेता यावेत म्हणून ऑटोलोडरमध्ये (गोळे आपोआप भरणाऱ्या यंत्रात) फेरफार करतात. सुरुवातीच्या बी३ मध्ये इंजिन जुन्याच घराण्यातलं, ८४० अश्वशक्तीचं. २०१६ च्या आवृत्तीत ११३० अश्वशक्तीचं आलं.

प्रणव: म्हणजे चांगलंच काम झालं ना, सर?

कर्नल साहेब: नजर आणि मारा, या दोन्हींत खरोखर मोठा फरक पडला. पण तीन गोष्टी सांगाड्यातच आहेत, त्या बदलता येत नाहीत.

पहिली, गोळे. ऑटोलोडरच्या फिरत्या चकतीत २२ गोळे, तेही टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) तळाशी, क्रूच्या पायाखाली. उरलेले हल (खालचं धड) आणि टरेटमध्ये माणसांच्या आजूबाजूला खोचलेले. १२५ मिमीच्या चार्जचं, म्हणजे गोळा फेकणाऱ्या दारूचं, आवरण जळणारं असतं. आत एक ठिणगी शिरली की साखळी सुरू होते आणि टरेट उडून बाजूला पडते. चकतीतल्यांपेक्षा हे चकतीबाहेर खोचलेले गोळे जास्त घात करतात. म्हणून बरेच क्रू फक्त चकतीतले २२ घेऊनच निघतात. नव्या टी-९०एम रणगाड्यात काही गोळे टरेटच्या मागे वेगळ्या पेटीत नेले. सुधारणा चांगली आहे, पण चकती जिथल्या तिथे.

दुसरी, रिव्हर्स. टी-७२ मागे जातो तो ताशी जेमतेम ४ किमीने. इंजिन बदललं, गिअरबॉक्सची मूळ रचना नाही. फायर करून लगेच आडोशाला मागे सरकायचं म्हटलं तर सरकता येत नाही. मग ड्रायव्हर रणगाडाच वळवतो आणि पातळ चिलखताची बाजू शत्रूपुढे येते.

तिसरी, कमांडरची नजर. सर्वसाधारण बी३ मध्ये कमांडरला स्वतंत्र पॅनोरमिक (चहूकडे फिरणारी) थर्मल साइट नाही. गनर एक लक्ष्य मारत असताना कमांडरने पुढचं शोधून ठेवायचं ही पद्धत रात्री चालत नाही. टी-९०एममध्ये ती साइट आहे.

अनघा कुलकर्णी (ए-३०२): कर्नल साहेब, सोस्ना-यूमधला थर्मल कॅमेरा फ्रेंच होता ना?

कर्नल साहेब: हो, अनघाताई. साइटची रचना मिन्स्कच्या पेलेंग कंपनीची, आतला कॅमेरा फ्रान्सच्या थालेसचा कॅथरिन-एफसी. १ ऑगस्ट २०१४ ला युरोपीय संघाचे निर्बंध आले. जुने करार काही काळ चालले, पुढे तो ओघ आटला. २०२२ नंतर काही बी३ आणि टी-८०बीव्हीएम रणगाड्यांवर सोस्ना-यूच्या जागी १पीएन९६एमटी-०२ ही साधी, कमी पल्ल्याची साइट दिसायला लागली. कागदावर नाव तेच ‘टी-७२बी३’, पण रात्री किती लांबचं दिसतं त्यात फरक. हीच साइट टी-६२ वरही बसवतात.

प्रणव, टी-६२ चं उत्तर यातच आहे. २०२२ मध्ये रणगाडे जितक्या वेगाने गेले तितक्या वेगाने नवे टी-९०एम बनणं शक्यच नव्हतं. म्हणून चिताजवळच्या अतामानोव्का इथल्या १०३ क्रमांकाच्या दुरुस्ती कारखान्याला ऑक्टोबर २०२२ मध्ये काम दिलं: तीन वर्षांत ८०० टी-६२ सुधारायचे. आणि ज्याच्या जोरावर सगळं बदलणार होतं तो टी-१४ अर्माता? ९ मे २०१५ ला लाल चौकात दाखवला, २०२० पर्यंत २३०० ची योजना होती. ठोक उत्पादन झालंच नाही. २०२४ मध्ये रोस्तेक या सरकारी शस्त्रउद्योग समूहाच्या चेमेझोव्ह यांनीच सांगितलं की तो महाग पडतो, टी-९० स्वस्त आहे.

सेक्रेटरी (बी-१०१): मध्येच लिहितो, माफ करा. उद्या टाक्यांची सफाई आहे, ११ ते २ पाणी बंद राहील. चर्चा चालू द्या, उत्तम चाललीय.

साने काका (बी-५०४): विमानांचं मी लिहितो. इथे चित्र जरा बरं आहे, पण बॉम्बरमध्ये अडचण वेगळीच आहे. तू-९५एमएस हे विमान ख-५५ क्षेपणास्त्रं पोटात घ्यायचं, फिरत्या लाँचरवर सहा. नवं ख-१०१ जवळपास साडेसात मीटर लांब, ते पोटात मावतच नाही. मग एमएसएम आवृत्तीत पंखांखाली चार पायलन लावले, प्रत्येकावर दोन, एकूण आठ. बाहेर एवढा भार टांगला की ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, पल्ला घटतो. त्याची भरपाई म्हणून एनके-१२एमपीएम इंजिन आणि एव्ही-६०टी पंखे. कंपनही कमी झालं, ते एअरफ्रेमच्या आयुष्यासाठी महत्त्वाचं. पहिलं सुधारित विमान ऑगस्ट २०२० मध्ये तागानरोगहून उडालं.

पण तू-९५ चं उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं. १ जून २०२५ ला युक्रेनच्या ड्रोननी ओलेन्या आणि बेलाया तळांवर जी विमानं जाळली, त्यांच्या बदली नवी येणार नाहीत.

प्रणव: तू-१६० तर नव्याने बनतंय ना, काका?

साने काका: बनतंय, आणि तिथलं काम दाद देण्यासारखं आहे. या विमानाचे पंख पुढे-मागे होतात. त्यांचा सगळा भार मधल्या टायटॅनियमच्या पेटीवर येतो. ती निर्वात कक्षात इलेक्ट्रॉन बीमने वेल्ड करावी लागते, कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर काझानची ही यंत्रणा बंद पडली होती, ती पुन्हा उभी केली. समाराला एनके-३२ इंजिनाची ०२ मालिका सुरू केली. नव्याने बांधलेलं पहिलं तू-१६०एम १२ जानेवारी २०२२ ला उडालं. वेग मात्र फार कमी, वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

नाशिकशी थेट नातं आहे ते सुखोई-३०एसएमचं. नाशिकला एचएएलमध्ये बनणाऱ्या आपल्या सुखोई-३०एमकेआयवरूनच ते इर्कुत्स्कमध्ये तयार झालं. आता एसएम२ मध्ये सुखोई-३५ चं एएल-४१एफ१एस इंजिन घालतात. १२.५ टनांऐवजी १४.५ टन थ्रस्ट आणि दोन्ही विमानांना एकच इंजिन, म्हणजे सुट्या भागांचा साठाही एकच. आपण मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये एएल-३१एफपीच घेतली, २४० इंजिनं, एचएएलच्या कोरापुटला बनणारी.

अनघा कुलकर्णी: साने काका, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधारणा राहिली. यूएमपीके. साध्या एफएबी-५०० बॉम्बवर उघडणारे पंख आणि उपग्रह-दिशादर्शनाचा जोड. २०२३ पासून सुखोई-३४ हे बॉम्ब ४० ते ७० किमीवरून सोडतात, त्यामुळे विमान बऱ्याच विमानवेधी क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहतं. पुढे १५०० किलोच्या एफएबीलाही हाच जोड आला. अडचण जॅमिंगची, म्हणजे शत्रू उपग्रहाचे संकेत दाबतो त्याची. आतल्या कोमेता अँटेनात जितके घटक, त्याहून एकने कमी दिशांचे जॅमर ती एकाच वेळी दाबू शकते. चार घटक असतील तर तीन. युक्रेनने जॅमर वाढवले तसे घटक चारावरून आठ, मग सोळा झाले. बॉम्ब तोच जुना, स्पर्धा सगळी त्या छोट्या ताटलीत.

कमांडर देशपांडे (डी-९०२): नौदलात आधुनिकीकरण अडतं ते इंजिन आणि गोदी या दोन ठिकाणी.

शस्त्रं बसवणं जमतं. व्लादिवोस्तोकच्या ‘मार्शल शापोश्निकोव्ह’चं काम २०१६ ते २०२१ चाललं. मूळची ती पाणबुडीविरोधी नौका. पुढच्या दोन १०० मिमी तोफा काढून एकच नवी तोफ ठेवली, मोकळ्या झालेल्या जागेत आठ-आठ सेलचे (क्षेपणास्त्रांच्या कप्प्यांचे) दोन उभे लाँचर, म्हणजे १६ कालिबर क्षेपणास्त्रं. ‘अॅडमिरल नाखिमोव्ह’ या क्रूझरवर २० ग्रानित क्षेपणास्त्रांच्या जागी असे ८० सेल. पण ही नौका १९९९ पासून सेव्हमाश गोदीत होती आणि समुद्री चाचण्यांना निघाली ऑगस्ट २०२५ मध्ये.

‘कुझनेत्सोव्ह’ या विमानवाहू नौकेचं उदाहरण नीट समजून घे. ३० ऑक्टोबर २०१८ ला वीज गेली, पीडी-५० या तरत्या गोदीचे पंप थांबले, गोदी बुडाली, वरची क्रेन डेकवर कोसळली. एवढ्या मोठ्या जहाजाला उत्तरेत दुसरी गोदीच नव्हती, म्हणून मुर्मान्स्कला दोन सुक्या गोद्यांमधली भिंत पाडून एक केली. मधल्या काळात डिसेंबर २०१९ मध्ये वेल्डिंगच्या ठिणग्यांनी आग लागली. दोन माणसं गेली.

प्रणव: आणि आपली विक्रमादित्य?

कमांडर देशपांडे: तीही सेव्हमाशमधूनच आली, आठ बॉयलरची. २०१२ च्या चाचण्यांत पूर्ण वेगाला सात बॉयलर नादुरुस्त झाले. उष्णतारोधक म्हणून अॅस्बेस्टॉस नको असं आपण सांगितलं होतं, त्याऐवजी लावलेल्या विटांना ताप सोसला नाही. दुरुस्तीत वर्ष गेलं, १६ नोव्हेंबर २०१३ ला ती ताब्यात आली.

लेक्चरेटसाठी माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण ‘११३५६’ या प्रकारच्या फ्रिगेटचं (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचं). काळ्या समुद्रासाठी सहा बांधायच्या होत्या. गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्हमधल्या झोर्या-माशप्रोएक्तच्या. २०१४ नंतर पुरवठा बंद. तीन पूर्ण झाल्या, बाकीच्या हलना (नुसत्या सांगाड्यांना) इंजिनच नाही. त्यातल्या दोन आपण घेतल्या, टर्बाइन युक्रेनकडून स्वतः विकत आणून कालिनिनग्राडच्या यांतार गोदीला दिल्या. तुशील ९ डिसेंबर २०२४ ला आणि तमाल १ जुलै २०२५ ला नौदलात आली. त्याच वर्गातल्या आणखी दोन गोवा शिपयार्डमध्ये होतायत. त्रिपुतचं जलावतरण जुलै २०२४ मध्ये झालं, तवस्याचं मार्च २०२५ मध्ये. रशियाने रिबिन्स्कला स्वतःची टर्बाइन तयार केली, पण तिथवर पोचायला वर्षं गेली आणि ‘गोर्श्कोव्ह’ वर्गाच्या नौका तेवढ्या मागे पडल्या.

प्रणव: कमांडर काका, हेच घेतो. कर्नल साहेब, शेवटचा प्रश्न. आपल्या टी-७२ चं काय?

कर्नल साहेब: मार्च २०२५ मध्ये २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. ७८० अश्वशक्तीच्या जागी १००० चं इंजिन, तंत्रज्ञान चेन्नईजवळच्या ‘आवडी’ इथल्या रणगाडा कारखान्याला मिळणार. पॅनेलमध्ये कोणी विचारलं तर फक्त अश्वशक्ती सांगू नकोस. जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता, तेव्हा रेडिएटर आणि पंखा राजस्थानच्या मे महिन्यात पुरतो का, आणि गिअरबॉक्स तो टॉर्क पेलतो का, हे दोन मुद्दे मांड. उद्या सायंकाळी ये घरी, बी३ आणि साध्या टी-७२बीचे फोटो शेजारी ठेवून फरक दाखवतो. टरेटवर गनरच्या बाजूचा सोस्ना-यूचा मोठा चौकोनी डबा बघायचा. त्याचं चिलखती झाकण बोल्टने आवळलेलं असतं, लढाईआधी कोणीतरी बाहेर येऊन ते सोडवावं लागतं.