घराचं नूतनीकरण: वेगवेगळे ठेकेदार कसे सांभाळायचे आणि शेवटी काय तपासायचं?

प्रश्न
बाथरूम, स्वयंपाकघर आणि वायरिंग असं एकत्र काम काढलंय. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फरशीवाला, सुतार, रंगारी सगळे वेगवेगळे. काही बिघडलं की एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कुणाचं काम कधी तपासायचं? आणि शेवटचे पैसे देण्याआधी काय बघायचं?

प्रतिसाद १
भिंत बंद झाली की चूक कुणाची हे सांगता येत नाही. म्हणून खरी तपासणी काम झाकण्याआधी. नळाच्या लाइनची सगळी तोंडं प्लगने बंद करून हातपंपाने रोजच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायला लावा. प्लास्टिकचा पाइप सुरुवातीला ताणतो, पंपावरच्या गेजचा (दाबमापकाचा) काटा किंचित उतरतो. पुन्हा दाब भरा. त्यानंतर निदान दोन तास काटा हलता कामा नये. टेस्ट झाली तरी गेज काढू देऊ नका, फरशी लागेपर्यंत लाइन दाबाखालीच ठेवा. पाइपात ड्रिल घुसलं की काटा तिथल्या तिथे पडतो, मग वादच उरत नाही.

आणि गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो, मोजपट्टी धरून. पुढे आरसा टांगताना तेच कामाला येतात.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण सगळ्यात जास्त भांडणं दोघांच्या मधल्या कामावरून होतात. भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे, हे वळवणारा व्हॉल्व्ह) बघा. त्याच्या बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्येच आला पाहिजे. प्लंबर बॉडी बसवतो तेव्हा समोर नुसती वीट असते. त्यावर गिलावा १२ ते १५ मिमी, ॲडहेसिव्ह ३ ते ५, टाइल ८ ते १०. म्हणजे २३ ते ३० मिमी अजून चढायचे असतात. बॉडी फार आत गेली तर हँडल बसत नाही, बाहेर राहिली तर प्लेट भिंतीला टेकत नाही. एक्स्टेन्शन प्रत्येक मॉडेलला मिळतंच असं नाही, मग टाइल फोडा. बॉडी बसवताना फरशीवाल्याला टाइलचा तुकडा घेऊन तिथे उभं करा.

प्रश्नकर्ता
आणि वॉटरप्रूफिंग? त्याची जबाबदारी कुणावर टाकायची?

प्रतिसाद १
ते करणाऱ्यावरच, पण पुरावा ठेवून. नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जमिनीतलं तोंड) बंद करून ४८ तास पाणी तुंबवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा, खालचं छत बघत राहा. फरशी लागल्यावर पुन्हा तेच. पहिल्या वेळी कोरडं आणि दुसऱ्या वेळी ओल, तर बहुधा फरशीवाल्याने वॉटरप्रूफिंगचा थर फोडलाय.

प्रतिसाद ३
शेवटच्या यादीत मी हे ठेवेन. टाइल नाण्याने ठोकायच्या, कोपरे आधी, पोकळ वाजेल तिथे टेप चिकटवायची. बाथरूमला मीटरमागे १० ते १२ मिमी ढाळ हवा. बादलीभर पाणी ओता, कुठे साचतं ते दिसतं. प्रत्येक सॉकेट टेस्टरने, अर्थिंगसकट. आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबल्यावर ट्रिप झालंच पाहिजे. फरशीची उंची वाढलेली असते, त्यामुळे प्रत्येक दार पूर्ण उघडून बघा. रंग बघायचा तो भिंतीला लागून टॉर्च तिरका मारून, समोरून पुट्टीचे खड्डे दिसत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर उचल कामाच्या टप्प्याप्रमाणेच द्या, दिवस मोजून नाही. प्रत्येकाचे ५ ते १० टक्के राखून ठेवायचे आणि ते कधी सुटणार हे काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यायचं.