मदत हवी आहे: केसगळतीवर पीआरपी करावं की मिनॉक्सिडिलवरच राहावं?

नमस्कार मंडळी. वय 31, राहणार परभणी. टाळूवर केस इतके विरळ झालेत की परवा कटिंग झाल्यावर न्हाव्यानं मागून आरसा दाखवलाच नाही. बिचाऱ्याला दया आली असावी!

घरचे बोअरच्या पाण्याला दोष देतात. वडिलांचं अन् मामाचं डोकं बघून मला काही ते पटत नाही. ट्रान्सप्लांट नको, तेवढी हिंमत नाही, अन् सोयाबीनच्या पैशात ते बसतही नाही.

चार महिने 5 टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केस यायला टाळूला लावायचं औषध, लावतोय. पहिला दीड महिना उलट जास्तच गळाले, सकाळी उशीवर केसच केस. तसं होतंच म्हणे. आता भोवऱ्याजवळ बारीक लव दिसतेय. पण लावणं बंद केलं की आलेलं पुन्हा जातं, हे कळल्यापासून धास्ती बसलीय.

संभाजीनगरच्या एका क्लिनिकात पीआरपीचं सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवायचं अन् प्लेटलेटवाला भाग सुईनं टाळूत सोडायचा. डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सिलर मॅडमच 'आज भरले तर सूट' म्हणून मागं लागल्या. तिथंच मन बिचकलं.

कुणी केलंय का? सहा सिटिंगनंतर वर्षाला किती वेळा जावं लागतं? केसगळतीवरची फिनास्टेराइडची 1 मिलिग्रॅमची गोळी कुणी घेतलीय का? तिचे लैंगिक दुष्परिणाम वाचलेत, अन् माझं लग्न जमायचंय, म्हणून स्पष्टच विचारतो. लातूर-नांदेडकडं नीट तपासून सांगणारे त्वचारोगतज्ज्ञ माहीत असतील तर कळवा. कांद्याचा रस सुचवू नका, तो करून झालाय.