तिसरीची पोरं आणि मिनिटाला ६० शब्द

शिंदे वहिनी (बी ३०४): तिसरीच्या बाईंनी मराठीच्या अपेक्षांचा कागद पाठवलाय, सगळ्यांना मिळाला का? रोज १५ मिनिटं प्रकट वाचन, शनिवारी श्रुतलेखन, उत्तरं स्वतःच्या शब्दांत आणि खाली ठळक अक्षरात "मिनिटाला ६० शब्द". ह्या शेवटच्या ओळीनं आमच्याकडं रडारड चाललीय.

पोवार (ए १०२): मिळालाय की. रात्री मोबाईलवर टायमर लावून बसलो. आमचं पोरगं ८० च्या वर गेलं. नाद खुळा!

शिंदे वहिनी: भाऊजी, आमची ४० वर अडकतीय. कुठला क्लास लावलाय तुम्ही?

सुतार बाई (सी २०१): क्लासचं राहू दे. पोवार, काय वाचलं ते विचारलंत का त्याला?

पोवार: विचारलं बाई. म्हणतोय "विसरलो".

सुतार बाई: वर्गात म्हणून म्हणून पाठ झालाय तो धडा. पुस्तक मिटून द्या हातात, तरी म्हणेल.

पोवार: 🙈 म्हणतोय की! मिटलेल्या पुस्तकावर बोट फिरवत फिरवत म्हणतोय. ओळ संपली की बोट खाली पण आणतोय.

देसाई मॅडम (बी १०१): 😂😂

सुतार बाई: हे ६० कुठनं आलं ते सांगते, म्हणजे घराघरात शर्यत लागायची नाही. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलानं वयाला झेपेल असा अनोळखी मजकूर अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द ह्या गतीनं वाचावा, असं धरलंय. दुसरीला ४५ ते ६०. आपल्या कागदावर येता येता "अनोळखी" आणि "अर्थ समजून" गळालं, आकडा तेवढा राहिला. शिवाय हे वर्षअखेरचं आहे. वहिनी, आत्ता ४० आहे तर कशाला रडवताय पोरीला?

सुतार बाई: आणि मराठीत शब्द मोजायचे म्हणजे गंमतच असते. "घरासमोरच्या झाडावरून" हे दोनच शब्द झाले. असे चार ओळीत आले की गती पडणारच. नेमकी अडते कुठं ते बघा आधी.

शिंदे वहिनी: जोडाक्षरं आली की थांबते. "वाऱ्यावर"ला तर गाडी बंदच.

सुतार बाई: मग र चं दुखणं आहे. निम्म्या वर्गाला असतं. "सूर्य"मध्ये र डोक्यावर जातो, "चक्र"मध्ये खाली तिरकी रेघ होते, "ट्रक"मध्ये ट च्या खाली काकपद, आणि "वाऱ्या"त पुढच्या अक्षराला चिकटतो. एकाच अक्षराची चार रूपं, वर "कृ" आणि "क्रु"चा घोळ आहेच. पोरगी मंद नाही हो, ओळख व्हायची राहिलीय. रविवारी मध्यवर्ती बसस्थानकावर न्या तिला. एसटीच्या पाट्या वाचायला लावा : कऱ्हाड, गडहिंग्लज, पन्हाळा, चंदगड. गडहिंग्लज जिला एका दमात आलं तिला धड्यातलं काही अडत नाही. (हे माझं मत, कुठल्या परिपत्रकात नाही.)

चौगुले काका, सचिव (ए ३०१): सूचना : उद्या टाकी धुणार आहे. सकाळी ९ नंतर पाणी नाही. भरून ठेवा.

कांबळे (सी १०३): बाई, आमचं वेगळंच हाय. आमच्या पोरीनं निबंधात "मी मामाकडं गेलतो" लिहिलं. लाल पेननं काट मारली ते ठीक, पण वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली. आता हातच वर करत नाही. आणि कागदावर लिहिलंय "वर्गात निःसंकोच बोलावे". कसं बोलायचं?

देसाई मॅडम: हसवायला नको होतं, मान्य. पण "गेलतो" परीक्षेत चालतं का? मुलगी असून "गेलो"?

सुतार बाई: देसाई, कोल्हापुरात पोरी "आलो, गेलो" म्हणतात. मी स्वतः घरी म्हणते आणि ३० वर्षं मराठी शिकवलंय. वहीत "गेले होते" यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आधी पोरीला मामाच्या गावचं सगळं तिच्या भाषेत सांगू द्या. म्हैस, विहीर, काय बघितलं ते. मग फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी लिहा, हे बोलताना, हे लिहिताना. तिसरीतल्या पोराला एवढं कळतं. बोलतानाच वाक्यावाक्याला अडवलं की ते "मी मामाकडे गेले होते. मला खूप मजा आली." एवढं लिहून वही मिटतं. चूक एक नाही, वाचायला पण काही नाही.

देसाई मॅडम: मला नाही पटत पूर्ण. घरात पण प्रमाण बोललं तर हा प्रश्नच येत नाही.

कांबळे: मॅडम, घरात प्रमाण बोलाय लागलो तर आमची आई विचारंल, पाहुणं आल्यात का 😄

चौगुले काका: शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोरं शाळेत न घालणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड होता. आता पोरांचा अभ्यास स्वतःच करणाऱ्यांना लावा. परवा जिन्यात कोण तरी "माझा आवडता पक्षी"वर फोनवरनं माहिती घेत होतं, पोरगं खाली क्रिकेट खेळत होतं.

पोवार: काका, नाव घेऊ नका 🙏

सुतार बाई: शुक्रवारी पालकसभा आहे ना? दोनच गोष्टी विचारा. वाचन घेताना उतारा पुस्तकातला घेणार की बाहेरचा, आणि वाचून झाल्यावर मुलाला प्रश्न विचारणार का. तेवढ्यानं ६० चं काय ते कळेल. कांबळे, तुमचं मात्र सभेत काढू नका, पोरीचं नाव परत सगळ्यांसमोर येईल. बाईंना सभेआधी एकट्यानं भेटा.

शिंदे वहिनी: मी विचारते दोन्ही. उतारा बाहेरचा म्हणाल्या तर भाऊजी, तुमच्या पोराचं काय?

पोवार: रविवारी आम्ही पण येतोय स्टँडवर. रिक्षा एकच करूया.

चौगुले काका: टाकीचं वाचलं का कोणी?