आवृत्त्या इतक्या झपाट्याने येत असताना डेटाबेसच्या अपग्रेडचे नियोजन कसे करावे?

प्रश्न
नमस्कार. मी गेली बारा वर्षे डेटाबेस प्रशासनाचे काम करतो. नवी आवृत्ती आली की ती वर्षभर इतरांनी वापरावी, पहिले दोन-तीन पॅच (दुरुस्तीचे छोटे संच) येऊ द्यावेत आणि मग दिवाळीच्या सुट्टीत आपण अपग्रेड करावे, असा आमचा शिरस्ता होता. आता आमचा मायएसक्यूएल डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे सेवा पुरवणाऱ्याच्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे. ५.७ या आवृत्तीला मिळणारा आधार (सपोर्ट) ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आणि ती चालू ठेवण्यासाठी सेवा पुरवणाऱ्यांनी वेगळे शुल्क लावले. थांबायचे की नाही, हे ठरवणेच आता आमच्या हाती उरलेले नाही. हा वेग खरोखर क्लाउडमुळे आला आहे का?

उत्तर १
बऱ्याच अंशी, होय. सर्व्हर स्वतः उत्पादकच चालवत असल्यामुळे नव्या आवृत्तीतला दोष ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता त्याला दिसतो. शिवाय अनेक जुन्या आवृत्त्या सांभाळत बसणे त्याला परवडत नाही. ऑरॅकलने आपल्या डेटाबेसची १२.२ ही आवृत्ती २०१६ मध्ये आधी आपल्या क्लाउडवर दिली. स्वतःचे सर्व्हर असणाऱ्यांना ती २०१७ मध्ये मिळाली. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसची शिस्त मात्र वेगळी आहे: वर्षाला एक मुख्य आवृत्ती, तिला पाच वर्षे आधार आणि मधल्या पॅचमध्ये केवळ दुरुस्त्या.

उत्तर २
माझ्या मते प्रश्न वेगाचा नसून दुरुस्ती आणि नवी सुविधा एकाच गाठोड्यात बांधण्याचा आहे. मायएसक्यूएल ८.० एप्रिल २०१८ मध्ये आले आणि त्यानंतर पुढची काही वर्षे त्याच्या छोट्या आवृत्त्यांतूनही नव्या सुविधा येत राहिल्या. ८.०.२९ मध्ये टेबलात तत्काळ स्तंभ जोडण्याच्या सुविधेशी निगडित असा दोष निघाला की, अशा टेबलांतील माहिती चुकीची वाचली जाण्याची शक्यता होती, आणि ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. ज्यांना केवळ सुरक्षेची दुरुस्ती हवी होती, त्यांनीही हा धोका का पत्करावा? अखेर जुलै २०२३ पासून नव्या सुविधांच्या आवृत्त्या वेगळ्या झाल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये ८.४ ही दीर्घकालीन आधाराची पहिली आवृत्ती आली. आपण तीच घ्यावी. मात्र ५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, मध्ये ८.० चा टप्पा लागतो; आणि मूळ ८.४ मध्ये पासवर्ड पडताळणीची जुनी नेटिव्ह पद्धत बंद असते, त्यामुळे जुने ड्रायव्हर (अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारे घटक) आधी तपासावेत.

उत्तर ३
आम्ही स्नोफ्लेक ही क्लाउडवरची डेटाबेस सेवा वापरतो. तेथे दर आठवड्याला नवी आवृत्ती येते आणि ती निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु ज्या बदलांमुळे जुन्या क्वेरींचे (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांचे) उत्तर बदलू शकते, ते एकत्र करून आधी बंद स्थितीत दिले जातात, मग चालू होतात पण बंद करता येतात आणि त्यानंतर कायम होतात. त्या पहिल्या टप्प्यातच आम्ही चाचणी खात्यात ते बदल चालू करून महिनाअखेरचे सर्व अहवाल तेथे चालवून आकडे ताडून पाहतो. आपल्यालाही स्नॅपशॉटवरून (एका क्षणी साठवलेल्या नकलेवरून) डेटाबेसची प्रत उभी करून, आठवडाभराच्या खऱ्या क्वेरी तिच्यावर चालवून ती मोडून टाकता येईल. एवढ्यासाठी पूर्वी वेगळा सर्व्हर विकत घ्यावा लागे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. ८.० चा टप्पा आमच्या आराखड्यात नव्हता. आधी ड्रायव्हरची यादी करतो आणि प्रतीवरची चाचणी दिवाळीपर्यंत न थांबवता याच महिन्यात घेतो.