सॅन फ्रान्सिस्को : सरकारी प्राथमिक शाळेतील कॅन्टोनीज वर्ग टिकवण्यासाठी पालकांनी नेमके काय मागावे?

प्रश्न : सनसेटकर

नमस्कार. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या सनसेट भागात राहतो. माझे माहेर सांगलीचे. सासरची मंडळी १९८० च्या दशकात ग्वांगडोंग प्रांतातून इथे आली आणि सासू-सासऱ्यांशी घरातला सगळा व्यवहार कॅन्टोनीज या तिकडच्या चिनी भाषेतच चालतो. मुलगा पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाईल. आमच्या पसंतीच्या सरकारी शाळेत कॅन्टोनीज-इंग्रजी वर्ग आहे, परंतु पटसंख्या घटत असल्यामुळे तो हळूहळू बंद करून त्या जागी मँडरिन (चीनची प्रमाण भाषा) आणावे, असा सूर नुकत्याच झालेल्या पालकसभेत निघाला. काही पालकांनी लगेच सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाचा दाखला देऊन “आपल्याला हा हक्कच आहे” असे सांगितले. ते कितपत खरे आहे? आणि स्कूल बोर्डासमोर बोलायचे झाल्यास कोणती मागणी धरून बोलावे? भावनेच्या भाषणांना तिथे दोन मिनिटे मिळतात आणि पुढचा विषय सुरू होतो, म्हणून विचारते.

उत्तर १ : कायद्याचा वाचक

तो दाखला ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्याचा असणार. खटला याच शहरातला आहे, त्यामुळे त्याचा अभिमान स्वाभाविक आहे. परंतु त्याच्यावर जेवढा भार टाकला जातो तेवढा तो पेलत नाही. इंग्रजी न समजणाऱ्या सुमारे १,८०० चिनी मुलांना कोणतीही वेगळी मदत न देता इंग्रजीच्या सर्वसाधारण वर्गात बसवले जात होते, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली हा भेदभाव ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७४ मध्ये दिला. उपाय मात्र न्यायालयाने ठरवून दिला नाही. या मुलांना इंग्रजी शिकवणे हा एक मार्ग आहे, त्यांना चिनी भाषेत शिकवणे हा दुसरा आहे आणि आणखीही मार्ग असू शकतील, एवढेच न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहिले. संरक्षण मिळाले ते इंग्रजी न येणाऱ्या मुलाला, कॅन्टोनीजला नव्हे. आपला मुलगा बहुधा इंग्रजी बोलतच शाळेत जाईल, तेव्हा हा निकाल आपल्या हाती फारसे काही देत नाही.

आपल्या उपयोगाचे कलम पुढच्या काळातले आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २२७ (थेट मतदानाला ठेवलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर करून शिक्षण मुख्यतः इंग्रजीतूनच द्यावे असे ठरवले, तेव्हा द्विभाषिक वर्ग तगले ते पालकांनी सूट मागणारे अर्ज भरून दिल्यामुळे. २०१६ मध्ये प्रपोझिशन ५८ ने तो निर्बंध बहुतांशी उठवला, आणि आजचा नियम असा आहे की एका इयत्तेतील २० किंवा संपूर्ण शाळेतील ३० विद्यार्थ्यांच्या पालकांनी एखादा भाषा-कार्यक्रम मागितला, तर शक्य असेल तितपत तो देणे शाळेला बंधनकारक आहे. ‘शक्य असेल तितपत’ या शब्दांत पळवाट आहे हे खरे. तरीही शाळेला “मागणीच नाही” असे म्हणता येऊ नये, एवढे काम हे कलम नक्की करते.

म्हणून सभेत बोलण्याच्या आधी लेखी विनंत्या गोळा कराव्यात. प्रत्येक पालकाची विनंती स्वतंत्र असावी, तिच्यावर तारीख आणि मुलाची इयत्ता असावी, आणि शाळेकडून पोच घ्यावी. डिस्ट्रिक्टला (शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला) आपला नियोजन-आराखडा दरवर्षी पालकांसमोर ठेवून भाषा-कार्यक्रमांबाबत त्यांचे म्हणणे ऐकावे लागते, तिथेही हीच मागणी नोंदवावी. याशिवाय इंग्रजी शिकणारी २१ किंवा अधिक मुले असलेल्या प्रत्येक शाळेत त्यांच्या पालकांची सल्लागार समिती असणे आवश्यक आहे. शहरातल्या चायनाटाऊन आणि व्हिजिटेशन व्हॅली या भागांतील चिनी कुटुंबांचा आवाज या समित्यांतून पोचू शकतो, आणि ती कुटुंबे बरोबर नसतील तर आपली मागणी सुखवस्तू पालकांच्या हौसेची वाटेल.

उत्तर २ : सॅन होजेकर

मी वेगळे मत मांडतो. कॅन्टोनीजबद्दल आदर ठेवूनही सरकारी शाळेने मँडरिन निवडणे मला गैर वाटत नाही. शिक्षक आणि पाठ्यपुस्तके सहज मिळतात, हायस्कूलची एपी (महाविद्यालयीन पातळीची) चायनीज परीक्षा मँडरिनचीच असते, आणि खुद्द ग्वांगडोंगमधील शाळांतही अध्यापन पुतोंगह्वातूनच, म्हणजे प्रमाण मँडरिनमधूनच, चालते. २००१ पासून तेथे तसा राष्ट्रीय कायदाच लागू आहे. तिकडून आज येणारे मूल मँडरिन वाचतच येते. कॅन्टोनीज आजी-आजोबांकडून येईल आणि उरलेले शनिवारच्या शाळेतून. इथे मराठी मंडळांच्या शाळा आठवड्यातून एकदाच भरतात, त्यासाठी आपण सरकारकडे कधी काही मागितले नाही.

उत्तर ३ : प्राथमिक शिक्षिका

बे एरियातील (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या परिसरातील) एका इमर्शन वर्गावर, म्हणजे इतर विषयही त्या भाषेतूनच शिकवणाऱ्या वर्गावर, मी अनेक वर्षे शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

आठवड्यातून एकदा भरणाऱ्या शाळेत भाषा हा एक विषय असतो. इमर्शन वर्गात सुरुवातीच्या इयत्तांत दिवसाचा मोठा भाग कॅन्टोनीजमध्ये जातो. बेरीज-वजाबाकी, पाण्याचे चक्र, भांडण मिटवणे, शौचालयाला जाण्याची परवानगी, सगळे त्याच भाषेत. आजीशी बोलणारे मूल जेवण, कपडे, नातेवाईक यांबद्दल उत्तम बोलते, परंतु “हे असे का घडले” हे समजावून सांगण्याची भाषा स्वयंपाकघरात आपोआप येत नाही. आपल्या मंडळांच्या शाळांतून मराठी बोलणारी मुले तयार होतात, पण मराठीत अपूर्णांक समजावून सांगणारी फारशी होत नाहीत. त्यात त्या शाळांचा दोष नाही, तो तासांचा हिशेब आहे.

यात एक खरी अडचण आहे आणि ती बोर्डासमोर लपवू नये. चिनी लिखाणाचे प्रमाण रूप मँडरिनच्या व्याकरणावर उभे आहे. त्यामुळे कॅन्टोनीज वर्गातले मूल बोलते एक आणि तोच आशय पुस्तकात वाचते काहीशा वेगळ्या शब्दांत, फक्त उच्चार कॅन्टोनीज. सर्वनामे, नकार, ‘असणे’ यांसारखे रोजचे शब्दही बदलतात. हाँगकाँगमधली मुले पिढ्यानपिढ्या हे करत आली आहेत, पण त्यांच्याभोवती पाट्या, बातम्या, मालिका सर्व काही असते. इथे तो भार वर्गावर येतो. तेव्हा “मँडरिनइतकेच सोपे आहे” असा दावा करू नका. उलट पारंपरिक लिपीतली अक्षरे आणि प्रमाण वाक्यरचना शिकलेल्या या मुलांना पुढे मँडरिन घेणे सोपे जाते, हा मुद्दा भक्कम आहे. शहरातल्याच ॲलिस फाँग यू या सरकारी शाळेत मुले कॅन्टोनीजमध्ये शिकतात आणि सहावीपासून मँडरिनही घेतात. एक आले म्हणून दुसरे गेलेच पाहिजे, असे नाही.

त्या शाळेचा इतिहासही बोर्डाला माहीत असावा. १८८४ मध्ये मेमी टेप या चिनी-अमेरिकन मुलीला शाळेत घेण्यास नकार मिळाला, १८८५ मध्ये तिच्या पालकांनी खटला जिंकला, आणि तिला नेहमीच्या शाळेत बसवावे लागू नये म्हणून शहराने चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढली. पुढे कमोडोर स्टॉकटन नावाने चाललेल्या त्याच शाळेत १९२६ मध्ये ॲलिस फाँग यू शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. शहराच्या सरकारी शाळांतील त्या पहिल्या चिनी-अमेरिकन शिक्षिका. वेस्ट पोर्टल शाळेत १९८४ मध्ये कॅन्टोनीज इमर्शन सुरू झाले आणि १९९५ मध्ये ॲलिस यांच्या नावाची संपूर्ण इमर्शन शाळा निघाली. या शहरात कॅन्टोनीजचे वर्ग पालकांच्या रेट्यावरच उभे राहिले, आणि रेटा सैल झाला की पहिला फटका त्यांनाच बसतो.

खरा तुटवडा शिक्षकांचा आहे. कॅन्टोनीज उत्तम बोलणारे पुष्कळ आहेत, परंतु सरकारी शाळेत शिकवायला परवाना आणि त्यावर द्विभाषिक अध्यापनाची मान्यता लागते, आणि तिथपर्यंत पोचणारे थोडे. महाविद्यालयांतली वाटही अरुंद आहे : स्टॅनफर्डमध्ये २०२० मध्ये कॅन्टोनीजच्या अध्यापनावर कात्री आली, सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजमधले वर्ग २०२१ मध्ये धोक्यात आले, आणि दोन्ही ठिकाणी लोकांना मोहीम उघडावी लागली. म्हणून माझी सूचना अशी, की “वर्ग बंद करू नका” एवढीच मागणी करू नये. शाळेतल्या कॅन्टोनीज बोलणाऱ्या साहाय्यकांना परवाना मिळवण्यासाठी डिस्ट्रिक्टने शुल्क आणि वेळ द्यावा, हे मागावे. त्यांतले बरेच जण वर्षानुवर्षे तेच काम कमी पगारावर करत असतात. या मागणीला आकडा जोडता येतो, आणि आकडा जोडलेली मागणी बोर्डाला नुसती ऐकून सोडून देता येत नाही.

सनसेटकर (पुन्हा)

मनःपूर्वक आभार. एकच शंका राहते. पटसंख्या खरोखरच घटत असेल, तर २० अर्ज तरी कुठून येणार?

कायद्याचा वाचक

घट शहरभर आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शाळा बंद करण्याची यादीच डिस्ट्रिक्टने जाहीर केली होती आणि विरोध झाल्यावर ती मागे घ्यावी लागली. परंतु इथे प्रवेश पसंतीक्रमाने होत असल्यामुळे मूल आपल्या भागातल्याच शाळेत गेले पाहिजे असे नाही. आपल्या वर्गासाठी संपूर्ण शहरातले पालक शोधा, विशेषतः ज्यांना असा वर्ग आहे हेच ठाऊक नाही ते. बालवाड्या, चायनाटाऊनमधली समाजकेंद्रे, चिनी वृत्तपत्रे इथे चिनी भाषेत पत्रक द्या, आणि तेही प्रवेश-अर्जाची मुदत संपण्यापूर्वी. वसंत ऋतूत जागावाटप झाल्यावर जमवलेल्या सह्या बोर्डाच्या सभेत शोभतात, पण त्यामुळे वर्गातली बाके भरत नाहीत. आणि आपल्या मुलाला कॅन्टोनीजच्या भाषिक चाचणीला अवश्य बसवा, कारण दुतर्फा इमर्शनमध्ये (जिथे ती भाषा घरी बोलणारी आणि न बोलणारी मुले एकत्र शिकतात) ती भाषा येणाऱ्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या रिकाम्या राहिल्या, तर वर्गाला मागणी नसल्याचा तोच पुरावा म्हणून पुढे येतो.