जुने वेस्टर्न : तुमच्या मनात काय राहिलंय?

वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या गोष्टी, म्हटलं की बहुतेकांना धुरळा, घोडे आणि गोळीबार आठवतो. माझं मत वेगळं आहे. 'गनस्मोक' नीट बघायला लागल्यापासून मला वाटतं, या प्रकाराचा जीव बंदुकीत नाही. बंदूक बाहेर येण्याआधी माणसं जे बोलतात, टाळतात, ठरवतात, त्यात आहे.

ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९५५ ते १९७५ चालली, भाग ६३५. १९६१पासून ती तासाभराची झाली, १९६६पासून रंगीत. मला मात्र सुरुवातीचे अर्ध्या तासाचे कृष्णधवल भागच प्रिय आहेत. त्यांत पाल्हाळाला जागाच नाही. पहिल्या मोसमात नायक मॅट डिलन, म्हणजे गावाचा मार्शल (कायदा सांभाळणारा अधिकारी), बूट हिल या दफनभूमीतल्या कबरींमधून फिरत बोलतो आणि मग गोष्ट सुरू होते. आधी मेलेली माणसं, नंतर नायक! डिलन झालेला जेम्स आर्नेस सहा फूट सात इंच उंच, पण आवाज क्वचितच चढवतो. मिलबर्न स्टोनचा डॉक मिशीवरून हात फिरवत त्याच्याशी हुज्जत घालतो, तेव्हा मला गोळीबाराची आठवणही येत नाही.

तुम्ही काय पाहिलंत, कुठे पाहिलंत, काय आवडलं, काय खटकलं, मोकळेपणाने लिहा. मालिका आणि जुने सिनेमे दोन्ही चालतील.

दादरहून

आमच्या घरात वेस्टर्न म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड'. १९६९चा हा सिनेमा अमेरिकेत आपटला आणि आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला. बाबा आणि काका जेवताना त्याची गोष्ट सांगायचे. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, झुलता पूल आणि सूर्य उगवताना सुळक्याची लांबत जाणारी सावली. मी सिनेमा पाहिला तो पुष्कळ नंतर. पटकथा विस्कळीत आहे, शेवटच्या भूकंपात मॉडेलं ओळखू येतात. पण ती सावली कड्याकडे सरकायला लागते तेव्हा मी आजही पुढे सरसावून बसतो. सोन्याच्या लोभाने एकेक जण कसा बदलतो, हेही त्यात चांगलं आलंय.

नाशिकहून

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत, आणि त्यासाठी माझा पुरावा 'हाय नून', १९५२, दिग्दर्शक फ्रेड झिनेमन. बाराच्या गाडीने खुनी येणार आहे. सिनेमा जेमतेम दीड तासाचा, आणि पडद्यावरचा काळही जवळपास तेवढाच. भिंतीवरची घड्याळं सारखी दिसत राहतात. चर्चमधला प्रसंग तर आपल्या कुठल्याही ग्रामसभेत जसाच्या तसा बसेल. मार्शल मदत मागतो, लोक उठून बोलतात, त्याची स्तुतीही करतात आणि शेवटी एकही माणूस त्याच्याबरोबर जात नाही. गॅरी कूपरच्या चेहऱ्यावरची भीती लपवलेली नाही, म्हणून तो मला खरा वाटतो. पटकथाकार कार्ल फोरमन यांना त्याच काळात अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीपुढे उभं राहावं लागलं होतं, पुढे ते इंग्लंडला गेले. हे कळल्यावर चर्चमधली ती माणसं आणखी बोचतात.

ठाण्याहून

नाशिककरांच्या मताचा आदर आहे, पण मी 'रिओ ब्राव्हो'च्या बाजूचा. त्याचे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना 'हाय नून'चा मार्शल पटला नव्हता. खरा शेरीफ गावभर मदत मागत हिंडेल कशाला, हा त्यांचा आक्षेप. त्यातून १९५९मध्ये हा सिनेमा आला. इथे जॉन वेनकडे फक्त एक म्हातारा लंगडा, एक पोरगा आणि एक दारुडा.

दारुडा आहे डीन मार्टिन. हात इतके थरथरतात की त्याला सिगारेट वळता येत नाही. वेन काही न बोलता स्वतः वळतो आणि त्याच्या हातात देतो. त्यांची मैत्री मला त्या सिगारेटींतून कळली, संवादातून नाही. आणि मग तो प्रसंग : त्याने हार मानून पेला भरलाय, बाहेर शत्रूने लावलेली धून ऐकू येते, आणि तो दारू परत बाटलीत ओततो. एक थेंब सांडत नाही. हात स्थिर झालाय हे त्याला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. अख्ख्या वेस्टर्नमध्ये याहून मोठी लढाई मी पाहिलेली नाही.

कॅन्ससहून

नोकरीमुळे आम्ही विचिटाजवळ राहतो. 'गनस्मोक' जिथे घडते त्या डॉज सिटीला मुद्दाम गेलो. बूट हिल म्युझियममध्ये जुन्या फ्रंट स्ट्रीटची प्रतिकृती आहे. गावाबाहेर आजही गुरांचे प्रचंड तळ आहेत आणि वारा तिकडून आला की वास गावभर. मॅट डिलन काल्पनिक, पण वायट अर्प आणि बॅट मास्टरसन यांनी इथे खरंच कायदा सांभाळला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की १८७०च्या दशकात रेल्वेरुळांच्या उत्तरेला बंदूक बाळगायला बंदी होती. तशी पाटी रस्त्यात लावल्याचा जुना फोटोही प्रसिद्ध आहे. म्हणजे इथल्या पोलिसांचं रोजचं काम बंदुका काढून घेण्याचं होतं. मूळ धाग्यातलं म्हणणं इतिहासालाही धरून आहे.

नागपूरहून

एक गोष्ट बोलायलाच हवी. मला दिग्दर्शक जॉन फोर्ड आवडतो, त्याच्या 'द सर्चर्स'मधली दाराची चौकट अप्रतिम आहे. पण गोष्ट टेक्सासची आणि चित्रीकरण ॲरिझोना-युटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत. तिथल्या नवाहो या मूळनिवासी जमातीच्या लोकांना कोमांची या दुसऱ्याच जमातीचे म्हणून उभं केलं, आणि त्यांचा प्रमुख झाला बर्लिनमध्ये जन्मलेला हेन्री ब्रँडन. ज्यांची जमीन, त्यांना फक्त घोड्यावरून पडायचं काम. 'लोन रेंजर'मध्ये नायकाचा मूळनिवासी साथीदार टोंटो झालेले जे सिल्व्हरहील्स स्वतः मोहॉक जमातीचे होते, ते पडद्यावर आले की मला बरं वाटतं, पण त्यांच्या तोंडी दिलेली मोडकी इंग्रजी ऐकवत नाही. सिनेमे जरूर बघा, मुलांना दाखवा, पण शेजारी बसून हेही सांगा.

पुण्याहून

नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्क रात्री संपायचं आणि त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने सिनेमे सुरू व्हायचे. आवाज बारीक करून मी ते बघत असे. 'राइड द हाय कंट्री' मला तिथेच भेटला. १९६२चा, सॅम पेकिनपाचा. म्हातारा झालेला जोएल मॅक्री सोनं वाहून आणायच्या नोकरीसाठी बँकेत येतो. बाहीच्या कडा विरलेल्या, त्या तो आत दुमडतो. करार वाचायला चष्मा लागतो, तो दिसू नये म्हणून स्वच्छतागृहात जाऊन वाचतो. आमचे आजोबा निवृत्तीनंतर कामासाठी वणवण करत होते तो काळ. मी घशात आवंढा घेऊन बघत होतो. रँडॉल्फ स्कॉट त्यात जुना मित्र, पण नीतीने घसरलेला. दोन म्हाताऱ्यांवर इतक्या मायेने केलेला दुसरा वेस्टर्न मला माहीत नाही.

कोल्हापूरहून

दिग्दर्शक लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) कुणी घेतला नाही अजून? सुरुवातीला स्टेशनवर तीन माणसं फक्त वाट बघतात. पवनचक्की करकरते, टोपीवर पाणी ठिबकतं, माशी छळते. नंतर शेतावरचं कुटुंब मारलं जातं ते बघताना 'शोले'तलं ठाकूरचं अंगण आठवल्याशिवाय राहत नाही.

मडगावहून

बायका कुठे आहेत या धाग्यात? 'गनस्मोक'ची मिस किटी स्वतःचं सलून, म्हणजे दारूचा गुत्ता, चालवते. आणि 'द बिग व्हॅली' (१९६५ ते १९६९) तर बार्बरा स्टॅनविकच्या खांद्यावर उभी आहे. व्हिक्टोरिया बार्कली विधवा आहे, मोठ्या मुलांची आई आहे, आणि रँचवर तिचा शब्द चालतो. 'बोनान्झा'त चारही पुरुष, आई कुणाचीच उरलेली नाही. दोन्ही मालिकांचे दोन दोन भाग पाठोपाठ बघा आणि कुठल्या घरात भांडणं जास्त खरी वाटतात ते इथे लिहा. माझं उत्तर बार्कलींचं घर.